गाडी उभी, पण कागद चालू: खान्देशात वाहन ‘नॉन-यूज’ला टाकायचं कसं

सावदा-रावेर पट्ट्यातल्या ट्रकमालकांकडून एक प्रश्न नेहमी ऐकू येतो. “गाडी ते उभीच शे ना भो, मंग टॅक्स कसाना?” प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र कडू आहे. गाडी उभी आहे हे तुम्हाला दिसतं, गल्लीला दिसतं, शेजारच्या शेतकऱ्याला दिसतं. आरटीओच्या संगणकाला ते दिसत नाही. तुम्ही लेखी कळवेपर्यंत त्याच्या लेखी ती गाडी रस्त्यावर धावतेच आहे. गाडी ठरावीक काळ वापरात राहणार नाही, असं आरटीओला लेखी कळवणं म्हणजेच ‘नॉन-यूज’.

महाराष्ट्रात मोटार वाहन कर १९५८ च्या कायद्याने बसतो. हा कर फक्त चालणाऱ्या गाडीवर नसतो, ‘वापरण्यासाठी ठेवलेल्या’ गाडीवरही असतो. नोंदणी जिवंत आहे म्हणजे गाडी वापरात आहे, असं धरूनच कार्यालय चालतं. तसं नाही हे दाखवणं मालकाचं काम. आणि ते काळ उलटून गेल्यावर सांगून चालत नाही, आधी सांगावं लागतं. दोन वर्षं ट्रक खळ्यात पडून राहिला, मग अर्ज घेऊन गेलात आणि मागच्या दोन वर्षांचा कर माफ करा म्हणालात, तर बहुतेक वेळा रिकाम्या हाताने परत याल. पुढचं सगळं वाचताना एवढी एक गोष्ट धरून ठेवा: हिशोब अर्जाच्या तारखेपासून होतो, गाडी बंद पडली त्या तारखेपासून नाही.

आधी ठरवा, तुमची गाडी कोणत्या खात्यातली

घरची मोटारसायकल किंवा कार असेल तर तिचा कर नोंदणीच्या वेळीच एकरकमी भरलेला असतो. एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून कराच्या रकान्यात ‘एलटीटी’ (लाइफ टाइम टॅक्स) दिसतं का ते बघा. ते असेल तर करापुरता नॉन-यूजचा फायदा जवळपास नाही, कारण वाचवायला चालू कर उरलेलाच नाही. अशा गाडीसाठी विमा, नोंदणीची मुदत आणि शेवटी नोंदणी रद्द करणं हे तीन विषय महत्त्वाचे. ते पुढे येतात.

नॉन-यूजची खरी गरज आहे ती वर्षाला किंवा तिमाहीला कर भरणाऱ्या व्यावसायिक गाड्यांना. मोठे ट्रक, ट्रेलर, खासगी प्रवासी बस. आपल्याकडे हे काम हंगामावर चालतं. केळीची तोडणी मंदावली की रावेर-यावलचे ट्रक थांबतात, कापसातली सरकी काढणारे जिन उन्हाळ्यात बंद होतात, ऊस संपला की शहाद्याकडच्या गाड्या रिकाम्या होतात. सहा महिने काम आणि सहा महिने उभी, अशा गाडीचा मालक बारा महिन्यांचा कर भरतो, तेव्हा निम्मा पैसा केवळ एक कागद न दिल्यामुळे जातो. लहान मालवाहू गाड्यांपैकी अनेकींचा कर आता एकरकमी असतो, म्हणून छोटा हत्ती किंवा पिकअपवाल्यांनी पावती आधी बघावी.

तिसरं खातं पुन्हा कधीच न चालणाऱ्या गाडीचं. तिला नॉन-यूजला टाकणं म्हणजे दरवर्षी नवा अर्ज आणि नवी डोकेदुखी. तिची नोंदणी सरळ रद्द करावी, हे माझं स्पष्ट मत आहे.

अर्जाआधीची साफसफाई

ही पायरी लोक टाळतात आणि काम इथेच अडकतं. अर्ज करण्याआधी या गोष्टी सोडवून घ्या:

- अर्जाच्या दिवसापर्यंतचा कर भरलेला हवा. थकबाकी असताना नॉन-यूज मागणं म्हणजे स्वतःच थकबाकीची चौकशी लावून घेणं.
- ई-चलनं. नंबर टाकून तपासा. चलन चुकीचं वाटत असेल तर पोलिसांच्या ॲपवर किंवा पोर्टलवर हरकत घ्या. लोकअदालतीतही चलनं मिटवता येतात.
- बँकेचा बोजा. आरसीवर बँकेचं किंवा फायनान्स कंपनीचं नाव असेल तर त्यांना लेखी कळवा. कर्ज फिटलं असूनही नाव तसंच असेल तर बँकेचा ना-हरकत दाखला आणि नमुना ३५ देऊन ते आधी काढून घ्या. पुढे भंगाराच्या वेळी हाच कागद आडवा येतो.
- उच्च सुरक्षा नंबर प्लेट. १ एप्रिल २०१९ च्या आधी नोंदलेल्या गाड्यांना ती लावून घ्यावी लागते आणि ती नसली की आरटीओतली बरीच कामं थांबतात.
- आरसीवरचा पत्ता आणि मोबाईल नंबर. ओटीपी जुन्या नंबरवर जात असेल तर ऑनलाईन काहीच पुढे सरकत नाही.

आणखी एक. आरसी वडिलांच्या नावावर आहे आणि वडील आता नाहीत, असं असेल तर पहिलं काम वारसाच्या नावावर हस्तांतर. नियमाप्रमाणे मृत्यूनंतर ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत नमुना ३१ वर अर्ज करायचा. दिवस-कार्याच्या गडबडीत हे कुणाच्या लक्षात राहत नाही, ते साहजिकच आहे. पण जितका उशीर, तितके जास्त वारसांचे जबाब आणि प्रतिज्ञापत्रं. घरात सगळे एकत्र आहेत तोवर सह्या करून घ्या.

कार्यालय कोणतं

नंदुरबारची गाडी एमएच ३९, धुळ्याची एमएच १८, जळगावची एमएच १९. चाळीसगावलाही आता स्वतंत्र कार्यालय आहे, एमएच ५२. ज्या कार्यालयाकडे तुमच्या गाडीचा कर आणि नोंदणी आहे, तिथेच अर्ज. चाळीसगाव भागातल्या जुन्या एमएच १९ गाड्यांची नोंद सध्या कुठे दिसते, ते पोर्टलवर बघून मगच निघा. नाहीतर एसटीचा हेलपाटा पडेल.

आपला मुलूख सीमेवरचा आहे. रावेरहून बऱ्हाणपूर हाकेच्या अंतरावर, शिरपूरहून सेंधवा, नवापूरहून सोनगढ. पलीकडे पाव्हण्याच्या वाड्यात गाडी उभी करून इकडे नॉन-यूजचा अर्ज देऊ नका. गाडी जिथे ठेवणार ती जागा निरीक्षकाला जाऊन बघता आली पाहिजे.

अर्ज भरताना

महाराष्ट्रात वाहन न वापरण्याच्या घोषणेसाठी ‘नमुना एनटी’ आहे. परिवहनच्या ‘वाहन’ पोर्टलवर गाडीचा नंबर टाकून सेवांची यादी उघडा आणि नॉन-यूजची सेवा निवडा. ऑनलाईन अर्ज झाला तरी त्याची छापील प्रत, मूळ आरसी, कराची पावती, फिटनेस प्रमाणपत्र आणि परमिट घेऊन कार्यालयात जायची तयारी ठेवा. मूळ कागद कार्यालयात जमा होणं हाच गाडी खरोखर उभी असल्याचा सर्वात भक्कम पुरावा, कारण आरसी आणि परमिट आरटीओत पडलेलं असताना ट्रक माल घेऊन दिल्लीला जाणार कसा?

नमुन्यात तीन जागा नीट भराव्या लागतात.

पहिली, कालावधी. ‘आजपासून पुढे’ असं मोघम लिहू नका. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, ते लिहा. सुरुवात महिन्याच्या १ तारखेपासून धरली तर कराचा हिशोब सोपा जातो. अर्ज मात्र त्या १ तारखेच्या आधी पोचलेला हवा. ३१ मेपर्यंत गाडी चालणार असेल तर मेच्या तिसऱ्या आठवड्यातच कार्यालयात जा. शेवटच्या दोन दिवसांवर ठेवलंत आणि मध्ये सुटी आली, की महिना गेला.

दुसरी, कारण. खरं तेच लिहा: हंगाम संपला, इंजिन उघडलं आहे, चालक मिळत नाही, मालक आजारी आहे. इंजिनचं काम असेल तर गॅरेजचं अंदाजपत्रक जोडा.

तिसरी जागा ठिकाणाची. बहुतेक अर्जांचं तिथेच बिनसतं. ‘मु. पो. निंभोरा’ एवढ्यावर निरीक्षक गाडी शोधू शकत नाही. गट नंबर, शिवार, जवळची खूण, जागामालकाचं नाव आणि त्याचं संमतीपत्र द्या. स्वतःच्या शेतातलं खळं असेल तर सातबाऱ्याची प्रत जोडा. सार्वजनिक जागा, म्हणजे रस्त्याची कड, बाजारपट्टी, गावठाणातलं मोकळं मैदान, कधीही लिहू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२७ प्रमाणे सार्वजनिक जागी दहा तास किंवा त्याहून जास्त बेवारस सोडलेली गाडी पोलिसांना उचलून नेता येते. शिवाय गाडी सार्वजनिक जागी असेल तर ती ‘रस्त्याबाहेर’ आहे, हे म्हणणंच टिकत नाही.

सोबत द्यायचं साधं पत्र असं असावं:

“मा. कर अधिकारी यांस, माझ्या मालकीचे मालवाहू वाहन क्र. … हे दि. … ते दि. … या काळात हंगामाअभावी वापरात राहणार नाही. या काळात वाहन मौजे …, ता. …, गट क्र. … येथील माझ्या खळ्यात उभे राहील. आपल्या लेखी परवानगीशिवाय ते तेथून हलविणार नाही. दि. … पर्यंतचा कर भरलेला असून नमुना एनटी, मूळ नोंदणी प्रमाणपत्र, परमिट, फिटनेस प्रमाणपत्र व कराची पावती सोबत जोडली आहे. तपासणी करून नोंद घ्यावी, ही विनंती.”

खाली सही, मोबाईल नंबर. दोन प्रती करा. एका प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. पुढे वाद झाला तर तोच शिक्का तुमच्या बाजूने बोलेल. एजंटाकडून काम करून घेत असलात तरी ही शिक्क्याची प्रत त्याच्याकडून मागून घ्या. ‘काम झालं, काळजी करू नका’ हे शब्द फाईलला लावता येत नाहीत.

गाडी उभी करतानाचे फोटो

अर्ज दिला त्याच दिवशी गाडीचे फोटो काढा: समोरून नंबर प्लेटसकट, दोन्ही बाजूंनी, किलोमीटरचा काटा स्पष्ट दिसेल असा, आणि चेसिसवर ठोकलेला नंबर. चेसिस नंबरावर ग्रीस आणि मातीचा थर असतो. रॉकेलच्या फडक्याने पुसा, वरून खडू फिरवा, आकडे उठून दिसतात. फोटोत तारीख आणि ठिकाण येऊ द्या. निरीक्षक तीन महिन्यांनी आला तरी काट्याचा आकडा तोच दिसला पाहिजे. तपासणीत गाडी जागेवर नसली, किंवा काटा पुढे गेलेला दिसला, तर सगळी घोषणा खोटी ठरते. मग पूर्ण काळाचा कर, वर दंड-व्याज.

म्हणून ‘फक्त गॅरेजपर्यंत नेली होती’ हेसुद्धा आधी लिहून द्यायचं. जागा बदलायची असेल, गाडी भुसावळला कामाला टाकायची असेल, तर कुठून कुठे, कोणत्या दिवशी, ओढून नेणार की चालवत, याचा अर्ज द्या आणि परवानगी हातात आल्यावरच हलवा.

आपल्या उन्हाचाही विचार करा. एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. उघड्यावरच्या टायरला भेगा पडतात, बॅटरी उतरते. एक्सलखाली ठोकळे लावून चाकांवरचा भार काढा, बॅटरीची तार सोडवा, शेड नसेल तर निदान ताडपत्री टाका. कापूस किंवा कडबा जवळ असेल तर उंदीर वायरी कुरतडणारच, आणि कडब्याजवळ गाडी ठेवणं आगीच्या दृष्टीनेही धोक्याचं. गाडी आणि गंजी यांत अंतर ठेवाच.

विमा बंद करू का?

कायदा म्हणतो, सार्वजनिक जागी गाडी वापरायची तर तृतीय पक्ष विमा हवाच. विम्याशिवाय चालवली तर पहिल्या गुन्ह्याला २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. गाडी खळ्यात उभी असेल तर ही सक्ती लागू होत नाही. तरीही विमा सरसकट सोडून देऊ नका. उभ्या गाडीला आग लागते, ती चोरीला जाते, तिचे सुटे भाग निघून जातात.

सर्वंकष पॉलिसी असेल तर कंपनीला ‘वाहन लेड-अप’ ठेवण्याबद्दल विचारा. भारतीय मोटार टॅरिफमध्ये, म्हणजे वाहन विम्याच्या नियमावलीत, यासाठी आयएमटी ११ अ, ब आणि क अशी कलमं आहेत. गाडी सलग दोन महिने किंवा जास्त गॅरेजमध्ये बंद राहणार असेल आणि तसं लेखी कळवलं असेल, तर त्या काळात आग, चोरी अशा जोखमी सोडून बाकीचं संरक्षण थांबतं आणि हप्त्यात सवलत मिळते. शाखेतल्या मुलाला हे माहीत नसलं तर कलमाचा नंबर सांगा.

पॉलिसी संपली आणि ९० दिवसांत नवी केली नाही, तर दावा न केल्याबद्दल मिळणारी सवलत, म्हणजे नो क्लेम बोनस, जाते. पाच वर्षं एकही दावा नसलेल्या मालकाचा ५० टक्के बोनस असतो. तो घालवणं महागात पडतं.

फास्टॅगही विसरू नका. उभ्या गाडीचा टॅग दुसऱ्याच गाडीच्या काचेवर लागला तर टोलनाक्यावर तुमच्या गाडीची नोंद होते, आणि नॉन-यूजच्या काळातली एक टोल नोंद सगळ्या घोषणेवर पाणी फिरवते. बँकेला सांगून टॅग बंद करा, काचेवरून काढा, फाडून टाका.

खासगी कार आणि दुचाकीची मुदत

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. नंतर तपासणी करून ती पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. ‘१५ वर्षं झाली म्हणजे गाडी भंगारात’ हा आपल्याकडे पसरलेला गैरसमज आहे. डिझेलला दहा आणि पेट्रोलला पंधरा वर्षांची बंदी दिल्ली परिसरासाठी होती, खान्देशाला ती लागू नाही. सरकारी गाड्यांचा नियम वेगळा आहे. त्यांची १५ वर्षांनंतर नोंदणी वाढवणं १ एप्रिल २०२३ पासून थांबलं.

पण अंगणातली जुनी कार मुदत संपूनही तशीच ठेवली, तर नंतर चालू करताना उशिराचं शुल्क साचलेलं असतं: दुचाकीला महिन्याला ३०० रुपये, इतर खासगी गाड्यांना ५००. त्यावर नूतनीकरणाचं शुल्क आणि पर्यावरण कर. तीन वर्षं थांबलात तर कारचा नुसता उशीरच १८,००० रुपयांचा. जुनी गाडी पुन्हा रस्त्यावर आणायचा थोडासुद्धा विचार असेल तर मुदतीआधीच नूतनीकरण करा. नसेल तर नोंदणी रद्द करा. मधली अवस्था सर्वात महाग.

शेतीच्या ट्रॅक्टरलाही नोंदणीची मुदत असते आणि ट्रॉलीची नोंदणी वेगळी असते. ट्रॅक्टर विकला आणि ट्रॉली विसरली, असं गावोगावी होतं.

कायमचा निरोप: नोंदणी रद्द करणं

गाडी नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली, तर कलम ५५ प्रमाणे मालकाने १४ दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर आरटीओला कळवून आरसी परत द्यायची असते. आपल्याकडे होतं भलतंच. दारावर भंगारवाला येतो, तराजूवर भाव ठरतो, आरसी घरच्या कपाटात राहते. लोखंड गेलं, पण गाडी कागदावर तुमच्याच नावावर जिवंत राहिली. तिचा चेसिस नंबर दुसऱ्या गाडीवर ठोकला गेला आणि त्या गाडीने अपघात केला, तर पोलीस आधी तुमच्या दारात येणार. नोटरीच्या कागदावर गाडी विकून हस्तांतर न करणाऱ्यांचीही तीच गत. आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तोच नुकसानभरपाईला जबाबदार, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलेलं आहे.

यासाठी २०२१ पासून नोंदणीकृत वाहन स्क्रॅपिंग केंद्रांची व्यवस्था आहे. जवळचं केंद्र पोर्टलवर शोधा, दोन-तीन ठिकाणचा भाव विचारा, गाडी ओढून नेण्याचा खर्च कोण करणार ते आधी ठरवा. केंद्र गाडी चोरीची नाही ना, तिच्यावर बोजा नाही ना, हे तपासतं आणि गाडी घेतल्यावर ‘सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट’ देतं. हे प्रमाणपत्र दाखवून नवी गाडी घेतली तर नोंदणी शुल्क माफ होतं, आणि करात केंद्राच्या नियमाप्रमाणे खासगी गाडीला २५ टक्क्यांपर्यंत, व्यावसायिक गाडीला १५ टक्क्यांपर्यंत सवलत देता येते. प्रत्यक्ष टक्का राज्य ठरवतं, म्हणून नवी गाडी बुक करण्याआधी शोरूममध्ये नाही, आरटीओत विचारा. भंगारवाला चार पैसे जास्त देतो खरं, पण तो हे प्रमाणपत्र देत नाही. प्रमाणपत्र मिळाल्यावर काही दिवसांनी एम-परिवहनवर गाडीचा नंबर टाकून नोंदणी रद्द झालेली दिसते का, ते स्वतः बघा.

‘आमची गाडी आवारातच फिरते’ असं म्हणणाऱ्यांसाठी

२०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विशाखापट्टणमच्या पोलाद कारखान्याच्या बंद आवारात चालणाऱ्या गाड्यांवर कर लागत नाही, असा निकाल दिला. तो ऐकून जिनिंगच्या आवारातले काही मालक निश्चिंत झाले आहेत. तो निकाल आंध्र प्रदेशच्या कर कायद्यातल्या ‘सार्वजनिक जागा’ या शब्दांवर उभा आहे. आपला कायदा राज्यात ‘वापरलेल्या किंवा वापरण्यासाठी ठेवलेल्या’ गाडीची भाषा करतो. वकिलाशी बोलल्याशिवाय आणि आरटीओला लेखी दिल्याशिवाय कर थांबवू नका. थकलेला मोटार वाहन कर जमीन महसुलाच्या थकबाकीसारखा वसूल होतो. म्हणजे गाडीचा कर शेवटी सातबाऱ्यावर बोजा म्हणून चढू शकतो, आणि तो पीककर्जाच्या वेळी बँकेत समोर येतो.

पुन्हा रस्त्यावर आणताना

घोषित काळ संपायच्या आधी दोनपैकी एक करा. गाडी अजून उभीच राहणार असेल तर मुदत संपण्यापूर्वी नवा एनटी अर्ज द्या. मध्ये एका दिवसाचीही फट ठेवू नका. गाडी काढायची असेल तर नॉन-यूज मागे घेण्याचा अर्ज द्या, पुढचा कर भरा आणि जमा केलेले कागद सोडवून घ्या.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी विमा, मग फिटनेस. आठ वर्षांपर्यंतच्या व्यावसायिक गाडीचं फिटनेस दोन वर्षांचं असतं, नंतर दरवर्षी करावं लागतं. उभ्या काळात ते संपलं असेल तर केंद्रीय नियमात उशिराला दिवसाला ५० रुपये जादा शुल्काची तरतूद आहे, म्हणून कार्यालयात जाताना नॉन-यूजची शिक्क्याची प्रत आणि तपासणीचा अहवाल सोबत न्या. त्यानंतर पीयूसी, परमिट, फास्टॅग. ब्रेक, टायर आणि डिझेलची टाकी मेकॅनिककडून आधी बघून घ्या. महिनोन् महिने उभ्या गाडीच्या टाकीत पाणी साचतं.

नॉन-यूजच्या काळाचा कर आधीच भरलेला असेल तर परतावा किंवा समायोजन मागण्याचा अर्जही याच फेरीत देऊन टाका. पावत्या, शिक्क्याच्या प्रती, तपासणी अहवाल आणि फोटो हे सगळं एका प्लास्टिकच्या फाईलमध्ये घाला आणि ती गाडी विकली किंवा मोडीत काढली, तरी त्यानंतर काही वर्षं जपून ठेवा. कर कार्यालयाची तपासणी जुन्या वर्षांवरही येते, आणि त्या वेळी खिडकीपलीकडचा माणूस बदललेला असतो.